गाठीवरची बोटे

दुपारी चारच्या उन्हात पट्ट्या वाळत असत. बॉक्सिंगच्या ग्लोव्हजखाली मुठीला गुंडाळतात त्या सुती पट्ट्या; तारेवर एका वेळी चोवीस. तळ्याकडून वारा आला की त्या सगळ्या एकदम फुगत, एकदम पडत, आणि त्यांच्यामागे, पत्र्याच्या शेडच्या दारात बसलेले जनार्दन मास्तर क्षणभर दिसत आणि क्षणभर नाहीसे होत. घामाच्या मिठाची पांढरी किनार त्या पट्ट्यांवर उमटलेली असे. धुऊनही ती पुरती जात नसे. धूत मास्तर स्वतः. हे काम त्यांनी एकाही शिष्याला कधी सांगितले नाही. त्यांच्याविषयी लिहायचे तर ही नोंद आधी केली पाहिजे, कारण पुढच्या नोंदी त्यांच्या बाजूच्या नाहीत.

मास्तरांचे वडील उलव्याकडच्या मिठागरावर राबले. तिथे आता इमारती आहेत. खाडीचे पाणी वाफ्यात घ्यायचे, ऊन ते सावकाश पिऊन टाकते आणि तळाशी पांढरे स्फटिक उरतात, हे लहानपणी रोज पाहिलेल्या माणसाने पुढे माणसांकडेही त्याच नजरेने पाहिले असावे. शिष्यांच्या अंगातले पाणी काढले की खरा लढवय्या उरतो, असा त्यांचा विश्वास होता. ते स्वतः तसेच होते: सुकलेले, काटक, कपाळावर उन्हाने तडकलेल्या चिखलासारख्या रेषा. गळ्यात लाल टॉवेल. लढतीच्या दिवशी ते त्याला पुढून गाठ मारीत. आपला लढवय्या फार मार खात असला, तर प्रशिक्षकाने टॉवेल रिंगमध्ये फेकायचा आणि लढत थांबवायची, असा रिवाज आहे. मास्तरांच्या टॉवेलाला गाठ असे, ती तो फेकता येऊ नये यासाठीच. चुकूनसुद्धा हात तिकडे जाऊ नये.

मी तळोज्याच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर आकडे वाचायचे आणि लिहायचे. माझी मुलगी दोन वर्षे मास्तरांकडे जात होती. तिची वाट पाहत बाकावर बसलो असताना एकदा त्यांनी माझ्या हातात स्टॉपवॉच ठेवले. "साहेब, बसून काय कराल? हे घड्याल धरा." मुलगी पुण्याला शिकायला गेली, घड्याळ माझ्या हातात राहिले. पुढे वजनकाटाही माझ्याकडे आला. आसपासच्या स्पर्धांमध्ये वेळ लावायलाही मलाच बोलावू लागले. माझ्या आकड्यांत चूक निघत नाही, याचा मला अभिमान होता.

नितेश रोडपालीचा. बावीस वर्षांचा, कारखान्यातली पाळी करून सरावाला येणारा. हसताना मान खाली घालायची त्याची सवय होती. रिंगमध्येही तो तशीच मान घाली, आणि तिथून त्याचा डावा हात असा निघे की समोरच्याला तो दिसण्याआधी लागलेला असे. त्याने कुठल्या स्पर्धेत, कुठल्या वजनी गटात लढायचे, हे मास्तर ठरवीत. यंदाच्या स्पर्धेत त्यांनी त्याला साठ किलोत उतरवले. सोमवारी काट्यावर तो त्रेसष्ट किलो सहाशे होता.

एप्रिलच्या उन्हात, अंगावर प्लास्टिकचा रेनकोट चढवून, तो चार दिवस धावला. गुरुवारी तो शेडमध्ये आला तेव्हा ओठांना चिरा पडल्या होत्या.

"मास्तर, थुंकीपन संपली."

"मग रड. त्यानंपन वजन उतरतंय."

सगळे हसले. नितेशही हसला, मान खाली घालून. मीही हसलो, हे लिहिले पाहिजे.

शुक्रवारी सकाळी तो एकोणसाठ किलो नऊशे भरला. चार दिवसांत तीन किलो सातशे. मी वजाबाकी मनात केली, वहीत फक्त वजन लिहिले. वहीत वजाबाकीचा रकाना नव्हता.

त्याच दुपारी उपांत्य लढत होती आणि दुसऱ्या दिवशी अंतिम. अंतिम लढतीच्या सकाळी पुन्हा वजन होते, म्हणून काट्यावरून उतरल्यावरही मास्तरांनी त्याला पाणी पिऊ दिले नाही. तोंडात घोळवायचे आणि थुंकायचे. पाण्याची बाटली ते स्वतःच्या हातात धरून होते.

सभागृहाच्या उंच खिडक्यांतून उन्हाचे तिरपे पट्टे रिंगवर पडले होते, त्यांत धूळ तरंगत होती. दुसऱ्या राउंडच्या शेवटी मी घंटा वाजवली तेव्हा नितेश वळला आणि शांतपणे प्रतिस्पर्ध्याच्या कोपऱ्याकडे चालू लागला. प्रेक्षकांतून कोणीतरी ओरडले, "आरं नितेश, तिकडं सासर हाय काय तुझं?" हशा पिकला. रेफरीने त्याला दंडाला धरून वळवले. रेफरीही हसत होता.

दोन राउंडमध्ये एक मिनिटाची विश्रांती असते. माझे टेबल मास्तरांच्या कोपऱ्यापासून दोन हातांवर होते, म्हणून ते मिनिट मला पूर्ण दिसले आणि ऐकू आले.

मास्तरांनी त्याला स्टुलावर बसवले. ओल्या हाताने चेहरा पुसला. बोटे इतकी हलकी फिरत होती, जणू तापाने फणफणलेल्या लेकराचे कपाळ कोणी पुसावे.

"कितवा राउंड झाला, सांग."

"पयला."

मास्तर थांबले. "दुसरा झाला, बाला. तिसरा ऱ्हायला. तीन मिनिटं फक्त. मग पानी देतो. पोटभर देतो."

"खरं?"

"खरं."

पन्नासाव्या सेकंदाला मी नियमाप्रमाणे टेबलावर तीनदा ठोकले. मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. मग त्यांचा उजवा हात गळ्याकडे गेला आणि बोटे टॉवेलाच्या गाठीवर टेकली. गाठ घट्ट होती. बोटांनी तिचा एक पदर ओढला, तो थोडा सैल झाला. अठ्ठावन्न. एकोणसाठ. माझा दुसरा हात घंटेच्या दोरीवर होता. साठ झाले, मी घंटा वाजवली. मास्तरांचा हात खाली आला, नितेशच्या पाठीवर टेकला, आणि नितेश उठला.

तो पडला तेव्हा मार मोठा नव्हता. तो उठला नाही, एवढेच. डोक्यात रक्त साचले होते. शस्त्रक्रिया झाली, तो वाचला. पण उजवी बाजू गेली आणि बहुतेक शब्दही गेले.

स्पर्धा भरवणाऱ्यांनी तिघांची समिती नेमली. मास्तरांनी पुन्हा कोणाच्या कोपऱ्यात उभे राहावे की नाही, हे तिने ठरवायचे होते, आणि साक्षीदार होतो मी. मी वजने लिहिली, पाण्याची बाटली लिहिली, चुकलेला कोपरा लिहिला, 'पयला' हे उत्तर लिहिले. मग गाठीवरची बोटे लिहिली. कागद घरी वाचून दाखवला तेव्हा बायकोने विचारले, "हे शेवटचं मास्तरांना वाचवायला लिहिलंत, की अडकवायला?"

"दिसलं म्हणून लिहिलं."

प्रश्न तिने बरोबर विचारला होता. त्या माणसाच्या हातून त्या दुपारी झालेली एकच दयेची हालचाल ती होती, आणि त्याला धोका कळला होता याचा पुरावाही तीच होती.

समितीच्या अध्यक्षांनी नेमके तिथेच बोट ठेवले. "बोटे गाठीवर होती, याची खात्री आहे?"

मी हो म्हणालो.

"म्हणजे यांना कळलं होतं."

मी मास्तरांकडे पाहिले. टॉवेलाशिवाय त्यांचा गळा फार बारीक दिसत होता. तेच म्हणाले, "होती. साहेब खोटं नाय लिवनार."

त्यांच्यावर कायमची बंदी घातली. ते न्यायाचेच झाले, असे मी तेव्हा मानले, आजही मानतो. बावीस वर्षांच्या देहाचे पाणी उद्याच्या वजनासाठी अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. जबाबात शेवटी मी हेही लिहिले होते, की कोपरा चुकलेला मी पाहिला, उत्तर मी ऐकले, आणि तरी घंटा वाजवली. ते वाक्य समितीने वगळले. वेळ लावणाऱ्याचे काम वेळ लावणे एवढेच, असे अध्यक्ष म्हणाले. नियमाने ते बरोबर आहे.

शेडला आता कुलूप आहे. तार तशीच आहे, तिच्यावर काही वाळत नाही.

मागच्या महिन्यात मी नितेशला बघायला रोडपालीला गेलो. खाटेजवळ मास्तर बसले होते. एका हाताने त्याची मान उचलून दुसऱ्या हाताने वाटीतले पाणी त्याच्या ओठांना लावत होते, घोट उतरेपर्यंत थांबत होते, पुन्हा लावत होते. मला दारातच थबकलेला पाहून नितेशची आई हळूच म्हणाली, "रोज येतात. मी पयलं हाकललं होतं. पन तो दुसऱ्या कुनाच्या हातचं पानीच घेत नाय."

मास्तरांनी मला पाहिले. वाटी संपली होती, ती त्यांनी पुन्हा भरली.

स्टॉपवॉच मी परत केले नाही. कोणी मागितलेही नाही. कधीकधी ते सुरू करतो आणि काटा साठावर येण्याआधी थांबवतो. काटा थांबतो, ते मिनिट थांबत नाही. एक हात गाठीवर आहे, एक दोरीवर, दोघांमध्ये एक तहानलेला मुलगा स्टुलावर बसला आहे, आणि इतक्या दिवसांनंतरही माझ्या मनात अजून एकोणसाठच झाले आहेत.