निळ्या झाकणाची बाटली

मी फ्रीज बोलतोय. घरातला नाही हो, मुलं उठसूट उघडतात तो वेगळा. मी विद्यापीठाच्या औषधशास्त्र आणि शरीरक्रियाशास्त्र विभागातला. माझ्या पोटात रक्ताच्या नळ्या, उंदरांची यकृतं, आणि खालच्या कप्प्यात विभागप्रमुख सरांचा जेवणाचा डबा. दारावर मात्र चिठ्ठी: ‘खाद्यपदार्थ ठेवू नयेत.’

एक संशोधक बाई बाळंतपणाची रजा संपवून परतल्या. घेतलेलं औषध आईच्या दुधात किती उतरतं, हाच त्यांचा विषय. दुपारी त्या सामानाच्या खोलीत कडी लावून दूध काढायला बसायच्या. मग निळ्या झाकणाची बाटली दोन पिशव्यांत गुंडाळून माझ्या दारातल्या कप्प्यात ठेवायच्या आणि संध्याकाळी घरी न्यायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सासूबाई ते दूध बाईंच्या तान्ह्या लेकीला पाजायच्या.

“चालेल ना हो मामा, इथं ठेवलं तर?” त्या शिपाईमामांना रोज विचारायच्या.

“सरांचा डबा चालतो की!” मामा रोज तेच सांगायचे. बाईंचं समाधान काही व्हायचं नाही. परत येऊन माझं दार नीट लागलंय ना, बघून जायच्या.

आठवड्यात बाटली सरांच्या नजरेस पडली.

“बाई, हे घर आहे का तुमचं? नियम म्हणजे नियम.”

“सर, दुसरा फ्रीज नाही इथं. चार महिन्यांची आहे हो ती.”

“मग रजा वाढवायची होती. कुणी अडवलं होतं?” सरांनी आपला डबा काढला आणि माझं दार आपटलं.

बाईंनी बाटली बेसिनमध्ये रिकामी केली. नळ मात्र बराच वेळ सोडून ठेवला.

नियम चुकीचा होता, असं मी म्हणत नाही. माझ्या पोटात काय काय असतं ते मलाच ठाऊक. पण एक लहानसा वेगळा फ्रीज मागवावा, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. काही दिवस दुपारची कडी वाजायची, दूध बेसिनमध्ये जायचं. पुढे कडीही वाजेनाशी झाली.

दोन महिन्यांनी सर स्वतः बाईंच्या टेबलापाशी आले. औषध घेणाऱ्या आयांचे नमुने जमले होते, तुलनेसाठी औषध न घेणारी आई मिळत नव्हती.

“अगं, तूच दे की दूध. लेबल लावू, वरचा कप्पा रिकामा करून देतो.” एरवीचं अहोजाहो त्या दिवशी कुठे गेलं कोण जाणे.

बाईंनी मान वर केली नाही. “आटलं, सर.”

“मग आधी बोलायचं नाही का!” म्हणत सरांनी डबा काढला आणि ते जेवायला गेले.

आता मी गार होत नाही. व्हरांड्यात भंगारवाल्याची वाट बघत उभा आहे. माझ्यावरची चिठ्ठी काढून नव्या फ्रीजला चिकटवलीय. असू दे. फक्त त्याच्या शेजारी आयांसाठी एक छोटा फ्रीज ठेवा. तेवढंही जमत नसेल, तर निदान नंतर मागायला जाऊ नका.