साळूबाईंच्या नावचा बिल्ला

मी एक पिवळा बिल्ला बोलतोय, म्हशीच्या कानातला. जरा हळूच बोलतो. शेवंतानं कान फडकवला की मी अजूनही दचकतो आणि बोलायचं ते विसरतो.

कुठल्याशा कारखान्यात गरम प्लास्टिकमधून माझा जन्म झाला. अंगावर बारा आकडे उमटले. आम्ही शेकडो भावंडं दिसायला एकसारखी, आकडे तेवढे ज्याचे त्याचे. त्या आकड्यांत काय दडलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नेवाशाकडच्या एका वस्तीवर जनावरांच्या डॉक्टर दिशाबाई मला घेऊन आल्या. गोठा साळूबाईंचा. नवरा वारल्यावर त्यांनी शिलाईकाम करून एक पारडी घेतली, तीच ही शेवंता. दिशाबाईंच्या हातातला चिमटा पाहून माझी तर बोबडीच वळली.

"मालक म्हणून कुणाचं नाव टाकू?" दिशाबाईंनी मोबाईल काढला.

साळूबाईंनी सवयीनं दिराकडे पाहिलं. "भावजींचं टाका. घरात पुरुषमाणूस त्येच."

रंगनाथ तंबाखू मळत होते. ते झटकन मागं सरले. "माझं नगं बाई! सरकारच्या यादीत नाव गेलं की कायतरी मागं लागतं. वहिनीचंच टाका. काय आलंच तर त्या निस्तरतील."

सगळे हसले. साळूबाईसुद्धा हसल्या. 'कट्' असा आवाज झाला आणि मी कानात बसलो.

दोन वर्षं सुखात गेली. पहाटे साळूबाईंचा गार हात शेवंताच्या मानेवरून फिरायचा, तो मलाही लागायचा. एवढ्यात रंगनाथांच्या पोराला मोटारसायकल हवी झाली. साळूबाई भाचीच्या लग्नाला देवळाली प्रवऱ्याला गेल्या, आणि त्याच दिवशी रंगनाथांनी शेवंताला टेम्पोत चढवलं. घोडेगावचा बाजार!

केवढी ती माणसं, केवढी जनावरं! मी कानाला घट्ट धरून बसलो. रुमालाखाली बोटं दाबली गेली, सौदा ठरला. शेवंता मात्र मान वळवून वळवून कुणाला तरी शोधत होती.

पावतीच्या टेबलाशी कारकुनानं हात वर केला. "थांबा पाव्हनं. बिल्ला बघू. आता नियम बदललाय. नोंद बघितल्याबिगर जनावर हलत न्हाई."

"अहो, आमचंच जनावर हाय!"

"समदेच आसं म्हनत्यात." त्यानं माझे आकडे मोबाईलवर टिपले आणि मोठ्यानं वाचलं, "मालक, साळूबाई. कुठं हायेत त्या?"

माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा प्लास्टिकच्या तुकड्यातून एका बाईचं नाव निघालं, आणि भर बाजारात ठरलेला सौदा जागच्या जागी थांबला! आजूबाजूचे फेटे, टोप्या वळून पाहू लागल्या.

"त्यांचा होकार लागंल," कारकून म्हणाला. फोन लागला. मागं लग्नातली वाजंत्री ऐकू येत होती.

"वहिनी, शेवंताला लई चांगलं गिऱ्हाईक मिळालंय. तुमी निस्तं व्हय म्हना."

माझा जीव मुठीत. आजवर या बाईनं दिराला कशालाच नकार दिलेला मी ऐकला नव्हता.

"न्हाई." आवाज थरथरत होता. मग जरा सावरून, "न्हाई भावजी. तिला घरी न्या. धारंची येळ झाली."

"घरात कायदा आनला व्हय, वहिनी?"

"म्या कशाला आनू? आला आपल्या पायानं. आन् हां, तिला आधी पानी दावा."

कारकुनानं हसू दाबत टेबलावरची पावती मागं ओढली. संध्याकाळी धार रंगनाथांनाच काढावी लागली. शेवंतानं त्यांना दोनदा बादलीसकट ढकललं.

आता उन्हानं माझा रंग विटलाय. एक कोपरा दावणीला घासून झिजलाय. आकडे पुसट होत चाललेत, त्याची फार धास्ती वाटते. डॉक्टरबाई, कधी मी तुटून पडलोच, तर शेवंताला नवा बिल्ला जरूर लावा. नाव मात्र तेच ठेवा.