सरूबाईंची घरातली वाक्यं

"सरूबाई, आता तुम्ही. 'टेक' घालून इंग्रजी वाक्य करा. पण स्वतःच्या घरातलं, आणि माणसाच्या नावासकट," जाहेदा मॅडम म्हणाल्या.

सरूबाई उठल्या. "कडुबा टेक्स टी."

छावणीतल्या माडीवर इंग्रजी शिकायला जमलेल्या सगळ्या बायका खुदकन हसल्या. नवऱ्याचं नाव, तेही असं तोंड भरून! सरूबाई शाळेत मावशी होत्या. एवढीएवढी पोरं फाडफाड इंग्रजी बोलतात आणि आपण नुसती मान हलवतो, या रागापायी त्या क्लासला येऊ लागल्या होत्या. 'टेक' त्यांना फार आवडला. चहा घ्यायला तो, गोळी घ्यायला तो, बस धरायला आणि फोटो काढायलाही तोच. प्रत्येक कामाला त्यांनी कडुबाला जुंपलं.

वर्ग सुटल्यावर त्यांची शेजारीण आमरीन मागे थांबली. "मॅडम, वो कडुबा मामू तो गुजर गए. दो साल हो गए."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी सरूबाईंना वर्गाआधी गाठलं. "तुमचे मालक नाहीत, हे बोलला नाहीत तुम्ही."

"उभ्या जन्मात त्यांचं नाव घेतलं नव्हतं, मॅडम. आपलं 'अवं' म्हणायचं. हितं तुम्ही नावच पायजे म्हणल्या. घरी पाठ करत बसले, तर आतल्या खोलीतून ओ दिली."

"कुणी?"

"त्यांनीच. रोज देत्यात. चहाचं म्हणलं की कपबशी बी वाजती."

नळाला पाणी आल्याचं सांगावं तसं त्यांनी हे सांगितलं.  मॅडम घाबरल्या, आणि घाबरल्यामुळे फारच कडक झाल्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गॉड टूक कडुबा.'

"खरं वाक्य हे आहे. आज घरी हेच म्हणायचं."

"म्हणलंच पायजे का?"

"हो."

सरूबाईंनी मान हलवली. मॅडमचा शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या.

पुढच्या दिवशी त्या वेळेवर आल्या. डोळे सुजलेले होते. मॅडमनी भीतभीतच विचारलं, "म्हटलं का?"

"म्हणलं. आत कुणीतरी कप खाली ठिवल्यावानी वाजलं. मग काय नाय. मग मी जुनी वाक्यं म्हणाया लागले, चहाचं, बसचं, समदी. घसा बसला." त्यांनी पदर डोक्यावरून नीट ओढून घेतला. "नाय दिली ओ."

आपण हे काय करून बसलो, असं मॅडमना झालं. जवळ जाऊन हात धरावा असं फार वाटलं, पण एव्हाना बाकीच्या बायका येऊन बसल्या होत्या.

"आज दुसरा शब्द घ्या, मॅडम," सरूबाई म्हणाल्या. "ज्याला घरातलं वाक्य लागत नाय असा."

जाहेदा मॅडम खडू घेऊन फळ्याकडे वळल्या. असा एकही शब्द त्यांना आठवेना.