तीस दिवसांचा हक्क

तिकीट वाकडं चिकटवलेलं… म्हणजे पाकीट वकिलांचं असलं तरी पोस्टात बाबांनीच टाकलंय, आणि हात आता जास्तच थरथरतोय, असं जोलीनच्या मनात आलं. आतला मजकूर तिला चौदा वर्षांत पाठ झाला होता : वडील श्री. गेरिट यांनी तुमच्यासाठी ट्रस्टमध्ये भेट जमा केली आहे, तीस दिवसांत ती काढून घेण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. हक्क असला तरच सरकार तिला भेट मानतं आणि कर लावत नाही. आणि काढायची मात्र नाही, कारण त्यातून बाबांच्या विम्याचा हप्ता जातो – त्यांच्या माघारी विम्याच्या पैशातून वारसाकर भरता यावा, त्यासाठी अमेरिकेत आयोवातली त्यांची दोन हजार एकर जमीन विकावी लागू नये म्हणून. हे कागदावर मात्र कुणीच लिहीत नाही. शहाणी माणसं सगळी.

तिने फोन लावला.

"मिळालं का पत्र? मग, काढतेस पैसे?" दरवर्षीचा प्रश्न.

"नाही हो बाबा! हप्ता कोण भरणार मग?" दरवर्षीचं उत्तर. यावर ते हसायचे. आज हसले नाहीत.

"काढच या वर्षी," ते म्हणाले. "चौदा वर्षं देतोय मी, तू एकदा तरी घेतलंस का गं? माझ्या मरणाचीच सोय किती करायची! काहीतरी घे स्वतःला. मला बघू दे."

"वकील ओरडतील."

"ओरडू देत. ओरडण्याचेही पैसे लावतो तो."

फोन ठेवून तिने पत्र पुन्हा उघडलं. लहानपणी जत्रेतसुद्धा बाबा विचारायचे, काय हवं? – आणि आईचा धाक असा, की मी 'काही नको' म्हणायचे, आणि बाबा पाकीट पुन्हा खिशात घालायचे… किती हळू घालायचे, हे मला आज दिसतंय. दरवर्षी पत्र मिळाल्याची सही करून पैसे तिथेच ठेवताना वाटायचं, मी त्यांची जमीन राखतेय. आणि ते तिकडे वाट बघत होते, वेडे म्हातारे.

पैसे काढले तर हप्ता चुकेल, जमीन कदाचित जाईल. नाही काढले तर… बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत.

अजून सत्तावीस दिवस होते. मला काय हवंय, असं तिने स्वतःला विचारलं, खरोखरच विचारलं. आणि छप्पन्नाव्या वर्षी, बापाचं बोट धरून दुकानासमोर उभ्या राहिलेल्या पोरीसारखी ती एकदम लाजली.