व्याह्यांचा लावा

डोळ्याच्या ऑपरेशनला ताश्कंदला जाताना तोलमास-अकांनी, म्हणजे आमच्या तोलमासदादांनी, आपला लावा पक्षी कोणाकडे ठेवावा? सख्ख्या भावाकडे नाही, चहाखान्यातल्या तीस वर्षांच्या दोस्तांकडे नाही. ठेवला तो हुमोराकडे, आपल्या विहिणीकडे! आणि लावा तरी कसा, अख्ख्या मार्गिलानमध्ये नाव काढलेला. मिर्झा म्हणायचे त्याला. थंडी सरत आली की तो एका दमात नऊ-नऊ वेळा "बित्-बिल्दिक" अशी साद घालायचा, आणि चहाखान्यातली म्हातारी मंडळी पेले खाली ठेवून मोजत बसायची.

हुमोराला आधी आनंद झाला आणि पाठोपाठ धडकीच भरली. मोहिराच्या लग्नाला अजून चार महिनेही झाले नव्हते. लेक त्यांच्या घरात आणि त्यांचा जीव की प्राण आपल्या घरात. या पाखराला काही झालं तर पोरीनं सासरी कोणत्या तोंडानं वावरायचं?

"पाहुणा आहे तो," तिचा नवरा सोबित म्हणाला. "पाहुण्यासारखाच ठेवायचा."

पाहुण्याला कुठं बसवायचं हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. दारापासून सगळ्यात लांब, समोरच्या भिंतीशी, जाड गाद्यांवर, उबेत. मिर्झाचा पिंजरा म्हणजे खाली भोपळ्याचं बूड आणि वर जाळी. तो त्याच मानाच्या जागी छताच्या आकड्याला लावला. एवढ्यावर थांबेल तो सोबित कसला! फेब्रुवारीत गॅसचा काही भरवसा नसतो, म्हणून त्यानं बाजारातून विजेचा नवाकोरा हीटर आणला आणि नेमका पिंजऱ्याखाली मांडला. लावल्याबरोबर रंग जळल्यासारखा वास सुटला. "नवा आहे ना, जाईल," म्हणत तो गादीवर लवंडला.

पहिला दिवस मिर्झा गप्प. दुसऱ्या दिवशी सकाळी पिसं फुगवून बसलेला, चोच उघडी, शेपटी श्वासागणिक खालीवर.

"थंडी वाजतेय बिचाऱ्याला," सोबित कळवळला. त्यानं हीटर आणखी वाढवला आणि पिंजऱ्याभोवती स्वतःची लोकरी शाल गुंडाळली. माणूस प्रेमळ खरा, पण डोक्याचा वापर अगदी काटकसरीनं करणारा.

दुपारी पाणी ठेवायला हुमोरा स्टुलावर चढली. डोकं आकड्यापाशी गेलं मात्र, तिचे डोळे चुरचुरले, घशात खवखवलं. खाली बसलेल्यांना गोड ऊब आणि वर नुसती भट्टी! हीटरची सगळी धग, सगळा वास वर चढून छताशी कोंडला होता, आणि त्याच्या मधोमध मुठीएवढा जीव लटकत होता.

"अहो, पाखरू भाजतंय!" ती किंचाळली.

तिनं शाल भिरकावली, हीटरची पिन उपटली आणि पिंजरा छातीशी धरून उतरली. आता ठेवायचा कुठं? स्वयंपाकघरात पुलावाच्या कढईतलं तेल धूर ओकत होतं. अंगणात बादलीतलं पाणीसुद्धा गोठलेलं. राहिली एकच जागा. दाराशी, जिथं माणसं पायताणं काढतात. तिथं ना धग, ना धूर. तिनं दाराखालच्या फटीला गोधडीची गुंडाळी लावली, वरची झडप बोटभर उघडी ठेवली आणि जोड्यांच्या वरच्या खिळ्याला मिर्झा टांगला.

सोबितनं कपाळावर हात मारला. "व्याह्यांचा पक्षी पायताणांशी? अगं, तिथं तर मी माझ्या मेव्हण्यालाही बसवत नाही!"

"मेव्हणा इथं येऊन बोंबलतो तेवढं पुरे आहे. याला जगू दे."

रात्रीपर्यंत चोच मिटली. दुसऱ्या दिवशी दोन दाणे, तिसऱ्या दिवशी वाटीभर बाजरी. पण आवाज? चकार शब्द नाही. हुमोरा जाता-येता त्याच्याकडे बघून सुस्कारे टाकायची. याचा गळा कायमचा गेला असेल तर?

आणि चौथ्या दिवशी मोहिराचा फोन. "आई, सासऱ्यांना दवाखान्यातून लवकर सोडलं. आम्ही निघालोय, वाटेतच आहोत."

सोबित तडक उठला आणि पिंजऱ्याकडे निघाला. हुमोरा खिळ्यासमोर उभी राहिली.

"तासाभराचा प्रश्न आहे," तो गयावया करू लागला. "मग ते त्याला घेऊनच जातील."

"पाहुण्यांसाठी तो हीटर तुम्ही लावणारच, आणि त्याला अजून वास येतोय. तासाभरात पाखरू गेलं तर?"

"आणि त्यांनी जोड्यांशी बघितला तर? आपलं नाक कापलं जाईल! पोरीला जन्मभर ऐकावं लागेल."

ते खरं होतं. लेकीचा चेहरा डोळ्यांसमोर उभा राहिला. पण ती जागची हलली नाही.

तेवढ्यात दार वाजलं. तोलमास-अका आत आले, एका डोळ्यावर पट्टी, मागे मोहिरा. जोडे काढायला वाकले आणि उठताना मिर्झाशी नाकासमोर नाक आलं. हातातला जोडा हातातच राहिला.

"हा इथं कुणी टांगला?"

सोबित छताकडे बघू लागला.

"मी," हुमोरा म्हणाली. तिनं सगळं सांगून टाकलं. "मानाच्या जागी, हीटरवर टांगला होता आम्ही. मरायला टेकला होता. चूक आमचीच. रागवायचं तर मला रागवा, पोरीला काही बोलू नका."

तोलमास-अकांनी एकुलता एक उघडा डोळा विहिणीवर रोखला, मग जोडा खाली ठेवला आणि तिथंच, जोड्यांच्या गर्दीत, फतकल मारून बसले.

"याच्या आधीचा असाच घालवला मी," ते हळूच म्हणाले. "स्टोव्हच्या वर, मानानं टांगून. अकरा वर्षं झाली. लाजेपायी सगळ्यांना सांगितलं, मांजरानं नेला."

"तोलमास-अका, वर चला हो, गादीवर!" सोबित अगदी रडकुंडीला आला.

"मिर्झा जिथं, तिथं मी. चहा इथंच आणा."

वयानं मोठा पाहुणा दाराशी बसलेला असताना त्याच्या वरच्या जागी बसायची कोणाची छाती? सोबित बसला, मोहिरा बसली, जेवणाची चादर, दस्तरखान, बुटांवरच अंथरली. हुमोरानं पुलावाचं मोठं ताट त्यावर कसंबसं टेकवलं, तर ते एका बाजूला कललं आणि तोलमास-अकांनी ते कोपरानं सावरलं. तिकडे समोरच्या भिंतीशी जाड गाद्या आणि बंद हीटर मानानं रिकामे बसले होते. सगळे अंगात कोट घालून, गुडघ्याला गुडघा लावून हसत जेवत होते.

धन्याचा आवाज ऐकून की काय, मिर्झानं मान लांब केली. बित्-बिल्दिक! तोलमास-अकांचा घास हवेतच थांबला. त्यांची बोटं दुमडू लागली. एक, दोन, तीन, चार.

"चारच," हुमोरा पुटपुटली.

"दुखण्यातून उठलेल्याला चार म्हणजे पुष्कळ झाले, विहीणबाई!" त्यांनी पट्टीखालून ओघळलेलं पाणी बाहीला पुसलं आणि सुनेकडे वळले. "पोरी, आपल्या घरी पिंजरा कुठं टांगायचा ते यापुढं तू ठरवायचं. आणि मी आडवा आलो तर तुझ्या आईसारखी समोर उभी राहा."

हुमोरानं ओढणी तोंडाला लावली. ती हसत होती की रडत होती हे तिचं तिलाही कळेना, आणि सोबित मात्र मिर्झाला पाचव्यांदा बोलायचा आग्रह करत होता.