खोटं शून्य

या मित्रांनो, जवळ सरकून बसा. एका बहीणभावाची गोष्ट सांगतो. ऐकताना डोळे भरले तर भरू द्या.

मी एक जुना प्रश्न आहे. कॉम्प्युटरला विचारण्यासाठी लिहून ठेवलेला. ज्यांना स्वतःचं नावगाव सांगता येत नाही, अशा रुग्णांना बावीस इस्पितळांच्या नोंदींतून शोधणं हे माझं काम. मला एका ताईने घडवलं. माझ्यात तिने एक रिकामा खण ठेवला, वर नावाची पाटी लावून. त्यात वय घाला, तारीख घाला, तंतोतंत जुळणारी नोंद मी काढून देई. पण नर्सबाईंनी लिहिलेल्या लांबलचक मजकुरातून एखादी खूण हुडकायची, तर तिथे खण चालत नसे. ती खूण माझ्या अंगावरच लिहावी लागे. ताई न कंटाळता दर वेळी मला नव्याने लिही. कुणाचा भाजलेला खांदा, कुणाची पांढरी भुवई. चौकशीच्या खिडकीवर बसणारे काका म्हणत, की हा प्रश्न म्हणजे देवमाणूस आहे. मी फुलून जाई.

मग ताईला दुसरीकडे नोकरी लागली. नव्या साहेबांना रोजचं लिहिणं नको होतं. त्यांनी खुणेच्या जागीही खण बसवला. कॉम्प्युटर लगेच कुरकुरला. साहेबांनी खणाला अवतरणचिन्हं घातली, कुरकुर थांबली. "तक्रार गेली ना? मग झालं तर," म्हणत ते जेवायला उठले.

तिथेच घात झाला. अवतरणात कोंडलेला खण मला खण वाटेना. काका काहीही लिहोत, मी आपला खणावरच्या पाटीची अक्षरंच शोधत बसलो. ती कुठल्या नोंदीत असणार? मी दर वेळी शून्य सांगू लागलो. काहीतरी चुकतंय असं ओरडायला तरी हवं होतं. तेही मला जमलं नाही.

एका सोमवारी एक म्हातारी बहीण आली. तिचा सुतार दादा सगळं विसरू लागला होता, आणि एके दिवशी घरातून निघून गेला होता. काकांनी खूण विचारली. डावी करंगळी अर्धीच आहे, ती म्हणाली. लहानपणी तिच्या हातून फळी निसटली आणि करवत त्याच्या बोटावरून गेली. काकांनी 'करंगळी' लिहिलं. मी म्हणालो, शून्य. ती दर सोमवारी येऊ लागली. काका स्टूल पुढे करत, पाणी देत. माझं उत्तर तेच.

दहा सोमवार गेले. काकांना राहवेना, त्यांनी ताईला फोन केला. अकराव्या सोमवारी ताई येऊन बसली. तिने मला उघडलं, तिला अवतरणात कोंडलेला खण दिसला. मग खण काढून टाकला, आपल्या हाताने 'करंगळी' लिहिलं. एक नोंद निघाली. अडीच महिने ती तिथेच होती. शेवटची ओळ चार दिवसांपूर्वीची होती: रुग्ण पहाटे गेले.

बहिणीने विचारलं, "काही बोलायचा का हो?"

ताईने नर्सबाईंनी लिहिलेलं वाचलं. "रोज एवढंच म्हणतात, फळी सोड गं, तुझा हात सांभाळ."

बहीण आपली दहाही बोटं मांडीवर पसरून बघत बसली.

मित्रांनो, आमच्यासारख्याने शून्य सांगितलं, की नेमकं काय शोधलंस, एवढं एकदा विचारा. मी आता जुन्या फाइलीत पडून आहे. मला कुणी चालवत नाही, तेच बरं. तुम्ही देवापुढे हात जोडाल, बोटाला बोट लागेल, तेव्हा त्या अर्ध्या करंगळीच्या दादाची आठवण ठेवा.