अंगद सरांच्या अंगठ्याखाली

मी बोलतो म्हणजे फक्त 'टिक्' म्हणतो. मी मुठीत मावणारा, स्टीलचा एक काउंटर आहे. अंगठ्याने बटन दाबलं की माझ्या खिडकीतला आकडा एकाने वाढतो आणि बाजूची कळ फिरवली की पुन्हा शून्य येतं. बटन कशासाठी दाबलं ते मला कुणी विचारत नाही. आज मीच सांगतो.

जालन्याच्या बाजारात अगरबत्त्या आणि तुळशीमाळांच्या शेजारी मी लटकत होतो. तिथून अंगद सरांनी मला त्यांच्या आईसाठी नेलं. गोजरबाई धावड्याला राहतात. बोटं आखडल्यामुळे त्यांच्या हातून माळेचे मणी निसटायचे. मी आल्यावर त्यांची सोय झाली. डाळ निवडताना, ओट्यावर बसताना, एक नाव घेतलं की एक टिक्. रोजचे हजार. एकदा जप करताना त्यांना डुलकी लागली आणि अंगठा आपला चालूच राहिला. जाग आल्यावर त्यांनी सगळा आकडा पुसून टाकला. "झोपेतलं देवाला चालत न्हाई," म्हणाल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली. मला ती बाई आवडायची.

अंगद सर परतूरला एका शाळेत खेळाचे शिक्षक. बेसबॉलच्या सामन्यांत पंच म्हणूनही उभे राहायचे. नियम तोंडपाठ, नजर चांगली, पण राग नाकाच्या शेंड्यावर. एका स्पर्धेत हुज्जत घालणाऱ्या प्रशिक्षकाची त्यांनी कॉलर धरली आणि वर्षभर घरी बसले. पुन्हा असं झालं तर कायमचं बंद, असं त्यांना बजावण्यात आलं. तेव्हा गोजरबाईंनी मला त्यांच्या हातात दिलं.

"कुणी बोलायला लागला का राम म्हण अन् बटन दाब," त्या म्हणाल्या. "मंग तोंड उघडायची गरजच पडत न्हाई."

उपाय लागू पडला. प्रशिक्षक ओरडत, सर ऐकून घेत, निर्णय सांगत आणि पाठ फिरवत. पुढे त्यांच्या लक्षात आलं, की पिचरने टाकलेले चेंडू मोजायलाही मी बरा आहे. लहान पिचरच्या खांद्याला आणि कोपराला इजा होऊ नये म्हणून आमच्या स्पर्धेत साठ चेंडूंची मर्यादा होती. साठ झाले की समोरचा फलंदाज संपवायचा आणि पिचर बदलायचा. पंचाचा आकडा शेवटचा. म्हणजे देवाचं काम आणि चेंडूंचं काम एकाच मुठीत आलं. यात काही वावगं आहे असं सरांना वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

गेल्या जानेवारीत परतूरला मुलींचा अंतिम सामना होता. एका बाजूला गावातलाच संघ, त्यांचे प्रशिक्षक रामप्रसाद. दुसऱ्या बाजूला हसनाबादच्या मुली, त्यांच्या वंदना मॅडम. जिंकेल तो संघ विभागीय स्पर्धेला जाणार होता. हसनाबादची पिचर रूपाली तेरा वर्षांची. हसनाबादच्या मुली जालन्याच्या पुढे कधी खेळल्या नव्हत्या आणि त्यांची सगळी मदार रूपालीच्या उजव्या हातावर होती.

पहिल्याच डावात रामप्रसाद चुन्याच्या फक्कीने आखलेल्या रेषेपर्यंत आले. "सर, ती थांबून न्हाई राह्यली. बेसवर पोरगी असल्यावर थांबायला पाहिजे का न्हाई?"

नियम खरा होता. बेसवर धावपटू असेल तर पिचरने दोन्ही हात छातीशी आणून पूर्ण थांबायचं आणि मगच फेकायचं. नाही थांबलं तर तो बॉक, धावपटूला एक बेस फुकट. पण रूपाली थांबली होती.

"थांबली. चला, बराबर आहे," सर म्हणाले.

रामप्रसाद जागचे हलेनात. घरचे पंच असून आपल्याच गावाच्या मुळावर उठले, असं काहीबाही बोलत राहिले. सरांच्या जबड्याची हाडं ताठ झाली. मूठ पाठीमागे गेली. टिक्, टिक्, टिक्.

तिसऱ्या डावात रूपाली खरोखरच थांबली नाही. सरांनी लगेच बॉक दिला, तिच्याजवळ जाऊन किती थांबायचं ते हाताने दाखवलं. वंदना मॅडमनी तो मान्य केला. तेवढ्यानेही रामप्रसादांचं समाधान झालं नाही. तिने बोटं तोंडाला लावली, तिने पाय प्लेटवरून उचलला, तुम्हाला दिसतं का न्हाई, असं सुरूच. टिक्, पुन्हा टिक्, अशा पाच टिक्.

सर नाव मनात घेत होते. अंगठाही आपण मनातच हलवतोय, असं त्यांना वाटत असावं. डाव संपला की टेबलावर नोंदी ठेवणारा मुकुंद आकडा विचारी, वहीत लिही, आधीच्यात मिळवी, आणि सर मला शून्यावर आणत. वहीत चेंडू आणि राम एकाच रकान्यात जमा होत गेले.

शेवटच्या डावात मुकुंदने सांगितलं, "रूपालीचे पंचेचाळीस झाले. पंधरा राहिले."

हसनाबाद एका धावेने पुढे होतं. रामप्रसाद आणखी एकदा आले, आणखी चार टिक् झाल्या. रूपालीने दुसरी फलंदाज बाद केली. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, एकच बळी बाकी. सरांनी माझ्याकडे पाहिलं. पंधरा.

"साठ भरले. पिचर बदला."

वंदना मॅडम जवळ आल्या. "आकडा बराबर आहे ना, सर?"

"बराबर आहे."

त्या परत गेल्या. सरांनी मला शून्यावर आणलं आणि रूपालीच्या जागी मीना आली. तिने बारा चेंडू टाकले, एकही सरळ पडला नाही. चार चेंडू चुकले की फलंदाजाला पहिला बेस फुकट, म्हणून तीन फलंदाज चालत पहिल्या बेसवर गेल्या. पहिलीमुळे बेस भरले, दुसरीमुळे बरोबरी झाली, तिसरीमुळे सामना संपला. हसनाबादच्या मुली रडल्या नाहीत. सामान भरायला लागल्या.

रामप्रसाद हात मिळवायला आले आणि हात हातात असतानाच म्हणाले, "आपण जिंकलो ते ठीक, पण पहिल्या डावातला तो बॉकच व्हता, सर." डाव्या मुठीत अंगठा हलला. तीनदा. सरांनी खाली पाहिलं. मीनाचे बारा चेंडू सगळ्या मैदानाने पाहिले होते. माझ्या खिडकीत पंधरा होते.

मला वाटलं, आता बोलतील. निकालाच्या कागदावर अजून सही व्हायची होती. मुकुंदने पेन पुढे केलं. सरांनी मला शून्यावर आणलं आणि सही केली. तळवा कोरडा होता.

जीपमध्ये बसण्याआधी रूपाली एकटीच आली.

"सर, मी मनात मोजून राह्यल्ते. माझे अठ्ठेचाळीसच झाल्ते."

"मशीन चुकत न्हाई, बाळा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली. "मंग मीच चुकले असंल."

आता मी शाळेतल्या कपाटात, फुटक्या शिट्ट्यांच्या खोक्यात आहे. गोजरबाईंना सरांनी मी हरवल्याचं सांगितलं. ते अजून पंच म्हणून उभे राहतात. कुणी कितीही बोललं तरी त्यांना राग येत नाही. अंगद सर किती शांत झाले, असं लोक कौतुकाने म्हणतात. मी त्या हातात राहिलोय, मला ते शांत होणं वाटत नाही. पण माझंही काही दुखत नाही. शून्य आहे, ते तसंच आहे.

एकच मागणं आहे. तुमच्यापैकी कुणी हसनाबादकडे जाणार असेल, तर त्या पोरीला गाठा. तिला सांगा, की तिचं मोजणं बरोबर होतं.